यंत्राला 'भांग' कोण शिकवणार?

2025 साली राज्य सरकारने महाराष्ट्रात कृत्रिम बुद्धिमत्तेचं, म्हणजे एआयचं, स्वतंत्र विद्यापीठ काढायचं ठरवलं आणि त्यासाठी एक कृती गट नेमला. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घोळतोय. या विद्यापीठात मराठीचा विभाग असेल का?

प्रश्न ऐकून लोक हसतात. एआय म्हणजे गणित आणि संगणक, फार तर इलेक्ट्रॉनिक्स. तिथे मराठीवाल्यांचं काय काम? आमच्या मीरा-भाईंदरमध्ये तर हा निकाल दहावीच्या निकालाबरोबरच लागलेला असतो. चांगले मार्क पडले की सायन्स, मधले पडले की कॉमर्स, आणि ज्याला कुठेच मिळालं नाही तो आर्ट्सला! (स्वतःहून आर्ट्सला गेलेल्या मुलांची आईबापांना वाटणारी काळजी हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) पुढे इंजिनीअरिंगला 'एआय-एमएल' किंवा 'डेटा सायन्स' मिळालं की पेढे वाटले जातात. बीएला मराठी घेतलेल्या मुलीचे पेढे मी तरी अजून खाल्लेले नाहीत.

माझं म्हणणं सरळ आहे. एआय हा एकट्या संगणकवाल्यांचा विषय कधीच नव्हता, आजही नाही, आणि तो तसा आहे असं समजून विद्यापीठ काढलं तर आपण एक मोठं कोचिंग क्लास काढू.

जरा मागे जाऊन बघा. या विषयाच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी हर्बर्ट सायमन मूळचा राज्यशास्त्राचा माणूस. 1978 साली त्याला नोबेल मिळालं ते अर्थशास्त्राचं. जेफ्री हिंटनने केंब्रिजला पदवी घेतली ती प्रायोगिक मानसशास्त्राची, आणि 2024 साली त्याला नोबेल मिळालं भौतिकशास्त्राचं. त्याच वर्षी रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटेकरी असलेल्या डेमिस हसाबिसची पीएचडी आहे मेंदूविज्ञानातली. आपल्या दहावीच्या हिशेबाने यातल्या प्रत्येकाची 'साईड' चुकलेली आहे.

ही काही फक्त तिकडची गोष्ट नाही. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये 1960 च्या सुमारास आपल्या देशातला एक अगदी सुरुवातीचा संगणक उभा राहिला, टीआयएफआरएसी. तो घडवणाऱ्यांपैकी एक आर. नरसिंहन. यंत्राला चित्रं कशी 'वाचता' येतील यावर त्यांनी आधी काम केलं. तिथून ते वळले ते थेट माणसाच्या भाषेकडे. मूल भाषा कशी शिकतं, भाषा वापरणं म्हणजे नेमकं काय करणं, याचा त्यांनी वर्षानुवर्षं विचार केला आणि 1981 साली त्यावर पुस्तक लिहिलं. संगणक बांधणाऱ्या माणसाला मुलाचं बोलणं ऐकत बसावंसं वाटलं, कारण खरा प्रश्न तिथे होता.

त्याच संस्थेत काही वर्षं दामोदर धर्मानंद कोसंबी होते. जन्म गोव्यातला, विषय गणित. त्यांनी जुन्या आहत नाण्यांची वजनं करून, ती वापरात किती झिजली याचं संख्याशास्त्र मांडून इतिहासाला हात घातला. जनुकशास्त्रात त्यांच्या नावाचं सूत्र आहे, आणि 1956 साली भारताच्या इतिहासावर आलेलं त्यांचं पुस्तक अजून वाचलं जातं. आज ते पीएचडीचा अर्ज घेऊन आले, तर कोणत्या विभागाच्या खिडकीवर पाठवायचं हे ठरवण्यातच सहा महिने जातील!

मराठीपुरतं बोलायचं तर पवईचं उदाहरण जवळचं आहे. आयआयटी मुंबईत 2000 साली भारतीय भाषांच्या तंत्रज्ञानाचं केंद्र सुरू झालं. तिथे पुष्पक भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी हिंदी आणि मग मराठी 'वर्डनेट' उभं केलं. वर्डनेट म्हणजे एका अर्थाच्या शब्दांचे गट आणि त्या गटांमधली नाती. ही मूळ कल्पना अमेरिकेतल्या प्रिन्स्टनची, आणि ती काढणारा जॉर्ज मिलर मानसशास्त्रज्ञ. आता 'माया' हा एकच शब्द घ्या. आईची माया, वेदान्तातली माया, एखाद्या पुढाऱ्याने जमवलेली माया, आणि शिंप्याने शिवणीत सोडलेली माया. हे चार वेगळे अर्थ आहेत हे यंत्राला आपोआप कळत नाही. कोणीतरी भाषा जाणणाऱ्याने बसून ते वेगळे करायचे, प्रत्येकाची व्याख्या लिहायची, उदाहरण द्यायचं. असं एक नाही, हजारो शब्दांचं. या कामाला संगणकवाला लागतोच, पण कोशकार आणि भाषाशास्त्रज्ञही लागतो.

"अहो, हे सगळं जुनं झालं. आता यंत्र करोडो पानं वाचून स्वतःच शिकतं," असं कोणी म्हणेल. खरं आहे, काही प्रमाणात. पण करोडो पानं कुठली? जी लिहिली गेली आणि इंटरनेटवर चढली ती. जे कधी लिहिलंच गेलं नाही त्याचं काय?

भाईंदर स्टेशनवरून बस पकडून उत्तनला जा. तिथल्या कोळ्यांच्या तोंडी 'भांग' हा शब्द आहे. त्याचा केसांशी संबंध नाही आणि होळीशीही नाही. अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीचा जोर कमी होतो, ते दिवस म्हणजे भांग. अमावास्या-पौर्णिमेचं ते उधाण. डोल जाळं पाण्यात एका जागी बांधलेलं असतं आणि भरती-ओहोटीच्या ओढीवर त्यात मासळी येते. ओढ कमी म्हणजे मासळी कमी. म्हणून बोंबील धरणाऱ्यासाठी भांग आणि उधाण हे शब्द म्हणजे पगाराची तारीख आहे.

हैदराबादची इन्कॉईस ही संस्था उपग्रहांवरून समुद्राचं तापमान आणि हरितद्रव्य बघून मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे याचा सल्ला देते, मराठीतूनही देते. काम उत्तमच आहे. पण ज्याचं जाळं एका जागी बांधलेलं आहे त्याला 'अमुक दिशेला इतके किलोमीटर जा' याचा उपयोग काय? त्याचा प्रश्न वेगळा आहे. हा प्रश्न वेगळा आहे हे कोणाला कळणार? वर्सोव्याच्या मत्स्यशिक्षण संस्थेतल्या अभ्यासकाला, ती बोली समजणाऱ्या मराठीच्या विद्यार्थ्याला, आणि सगळ्यात आधी त्या तांडेलाला. एकट्या कोड लिहिणाऱ्याला तो सुचायचाच नाही. त्यात त्याचा दोष नाही, त्याला कोणी उत्तनला नेलंच नाही.

उत्तनलाच महाराष्ट्र न्यायिक अकादमी आहे, राज्यातले न्यायाधीश तिथे प्रशिक्षणाला येतात. सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली निकालांच्या भाषांतरासाठी 'सुवास' नावाची प्रणाली आणली. आता कायद्याच्या इंग्रजीत 'लीव्ह ग्रँटेड' म्हणजे अपिलाला परवानगी दिली. यंत्राने त्याचं 'रजा मंजूर' केलं तर वाचून आपण हसू, पण ज्याची जमीन त्या खटल्यात अडकली आहे तो हसणार नाही. ते तपासायला कायदा आणि मराठी दोन्ही येणारा माणूस हवा. असे लोक आपण तयार करतो आहोत का?

नियमांची आडकाठी आहे म्हणावं तर तसंही नाही. पीएचडीला दुसऱ्या विभागातला सहमार्गदर्शक घ्यायला यूजीसीच्या 2022 च्या नियमांत मुभा आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर बहुविद्याशाखीय शिक्षणाचा जप आहे. अडचण आपल्या मनात आहे. बहुविद्याशाखीय म्हणजे कॉम्प्युटरच्या मुलांना 'नीतिमूल्ये' नावाचा दोन क्रेडिटचा पेपर आणि बीएच्या मुलांना वर्ड-एक्सेल, एवढ्यावर आपण समाधानी असतो.

कला शाखेलाही मी सोडणार नाही. यंत्र आलं की संस्कृती बुडते असं परिसंवादात सांगणं सोपं आहे. शंभर तासांचं बोलीतलं बोलणं मुद्रित करून, लिहून काढून, त्यातल्या शब्दांची वारंवारता मोजणं कष्टाचं आहे. थोडं संख्याशास्त्र शिकल्याने कोणाचं मराठीपण कमी होत नाही. कोसंबींचं झालं नव्हतं.

म्हणून नव्या विद्यापीठाकडे माझं मागणं फार मोठं नाही. प्रत्येक संशोधनाला दोन मार्गदर्शक असावेत, एक संगणकाचा आणि एक ज्या विषयाचा प्रश्न आहे त्याचा, आणि दोघांची सही सारख्या वजनाची असावी. भाषेचं काम करणाऱ्याला 'डेटा एंट्री'वाला समजू नये. त्याला नीट पगार द्यावा आणि शोधनिबंधावर त्याचं नाव असावं. ज्यांच्या तोंडून शब्द घेतले त्यांची परवानगी घ्यावी आणि तयार झालेली गोष्ट त्यांच्या हातात परत द्यावी. आणि पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एखादा महिना तरी उत्तनसारख्या ठिकाणी, कोर्टात नाहीतर सरकारी दवाखान्यात घालवावा, नुसतं ऐकायला.

2024 साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंदच आहे. पण भांग आणि उधाण जाणणारी पिढी म्हातारी होत चालली आहे, आणि त्यांची नातवंडं एआय-एमएलला प्रवेश घेताहेत. उद्या त्या नातवाने आजोबांचे शब्द यंत्राला शिकवायचा प्रकल्प मागितला, तर 'हा विषय आपल्या विभागाचा नाही' असं उत्तर त्याला मिळू नये. सध्या तरी तेच मिळेल अशी मला भीती वाटते.