काकवीला दीड तास लागतो

गेल्या जानेवारीत कराडच्या खालच्या अंगाला एका गुऱ्हाळापाशी आमच्या अकरा सायकली थांबल्या. चुलवाणात चिपाडं धडधडत होती. काहिलीतल्या रसावर मळी धरायला लागली होती आणि गुळव्या भेंडीचं पाणी सोडून ती झाऱ्यानं कडेला ओढत होता. आमच्यातल्या एकीनं विचारलं, "मामा, काकवी मिळेल का?" "मिळंल की. पण दीड तास थांबावं लागंल. आत्ता कुठं आदण चढलंय." वेळापत्रकात गुऱ्हाळाला पंधरा मिनिटं होती. आम्ही रसाचे पेले रिकामे केले, फोटो काढले आणि निघालो. दुपारी हायवेवरच्या हॉटेलात सगळ्यांच्या ताटात पनीर होतं. वेळापत्रक मीच आखलेलं, त्यामुळे बोल लावायला दुसरं कुणी नव्हतं.

सायकल सहली काढणारे आणि कृषी पर्यटन केंद्रं चालवणारे, असे दोघंही हा अंक वाचता. दोघांनाही एकच विचारतो: आपण विकतो काय? पहिले किलोमीटर आणि चढ विकतात. पसरणीचा घाट, यवतेश्वरचा घाट. दुसरे 'अनलिमिटेड' थाळी विकतात आणि ती वाईपासून मिरजेपर्यंत एकाच चवीची असते. पाहुणा घाट चढून येतो, जेवतो, झोपतो. ज्या रानातून तो आला, त्या रानाचा आणि ताटाचा संबंध कुठेच लागत नाही.

ऑस्ट्रियात डॅन्यूब नदीच्या काठी वाखाउ नावाचं खोरं आहे. मेल्क ते क्रेम्स हा त्यातला टप्पा जेमतेम चाळीस किलोमीटरचा. सरावलेला सायकलस्वार तो दोन तासांत उरकेल. तिथं मात्र लोक त्याला दोन-दोन दिवस देतात. उन्हाळ्यात जर्दाळू, शरदात नवी वाइन. द्राक्षबागायतदार वर्षातले ठरावीक आठवडेच अंगण उघडतो. उघडलं की दारावर हिरवी फांदी टांगायची, माल संपला की उतरवायची. सम्राट दुसऱ्या जोसेफनं १७८४ साली शेतकऱ्याला स्वतःचीच वाइन आणि स्वतःचंच खाणं घरी विकायची मुभा दिली, तेव्हापासून हे रुजलं. फांदी नसेल तर तुम्ही कितीही लांबून आलेले असा, पुढे जायचं. पाहुण्याला याचा राग येत नाही, उलट फांदी दिसली की तो खूश होतो.

आपल्याकडे असं खोरं आहेच. वाई, माहुली, कराड, औदुंबर, हरिपूर: कृष्णेच्या कडेनं वाट बहुतेक उताराचीच. पुणे-मिरज लोहमार्ग जवळून जातो. सातारा, कराड, किर्लोस्करवाडी, भिलवडी, सांगली. थकलेल्याला परत न्यायची सोय त्यानं होते, सायकल पार्सलात घालायची कटकट सोसली तर. उणीव आहे ती हंगामाशी इमान राखण्याची. कास फुलतं सप्टेंबरात, आणि तेव्हा आपण पाहुण्याला 'महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी' देतो. म्हणजे बाटलीतला क्रश! फळ येतं डिसेंबरपासून. सप्टेंबरच्या सुमारास कोरेगावच्या बाजूला वाघ्या घेवडा निघत असतो. त्याला भौगोलिक मानांकन आहे, पण त्याची उसळ आपल्या किती केंद्रांवर शिजते?

जानेवारी तर लुटायचा महिना. भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी, संक्रांतीला औदुंबरचं साहित्य संमेलन, जतकडे हुरडा, कृष्णाकाठची वांगी, रानात हळदीची काढणी. सांगलीच्या हळदीला २०१८ साली मानांकन मिळालं. हरिपूरची हळद साठवायची पेवं मात्र २००५च्या महापुरानं पार खिळखिळी केली. उरलेलं एखादं पेव दाखवायचं तर माहीतगार माणूस सोबत हवा. पेवाच्या तोंडाशी उगाच वाकू देऊ नका, आतली हवा जिवावर बेतते.

फेब्रुवारीपासून तासगाव, कवठे महांकाळकडे बेदाण्याच्या शेड भरतात. द्रावणात बुडवलेली द्राक्षं जाळ्यांच्या थरांवर पसरतात, दोनेक आठवडे वारा खातात, मग जाळ्या हलवून बेदाणा पाडतात. हिरव्याचा पिवळसर होताना रोज रंग बदलतो. हे बघायला पाहुण्याकडून खुशाल पैसे घ्यावेत आणि ते शेडवाल्याला द्यावेत.

वाइनचा विषय निघतोच. राज्याच्या २००१च्या वाइन धोरणानंतर नाशिककडे विंचूरला आणि सांगलीत पलूसला वाइन पार्क झाले. नाशिकनं बागेतच पाहुण्याला खुर्ची दिली. पलूसला भूखंड आखले गेले, खुर्ची राहून गेली. माझ्या मते तिथं द्राक्ष कमी पडलं नाही, अंगण कमी पडलं. आणि सायकलवाल्याला दुपारी ताक, काकवी आणि उसाचा रस वाइनपेक्षा बरे, हे सांगायला धोरण लागत नाही.

अडचण एकच, पण मोठी. जानेवारी-फेब्रुवारी हाच उसाच्या गाळपाचाही हंगाम. दोन ट्रॉल्या जोडलेला, मागे दिवा नसलेला, वाढी रस्त्याला घासत जाणारा ट्रॅक्टर अंधारात समोर येतो तेव्हा चव वगैरे काही आठवत नाही. म्हणून उजाडल्याशिवाय निघायचं नाही, दिवस मावळायच्या आत सायकली आत. कारखान्याकडं जाणारा रस्ता नकाशावर आधीच खोडायचा. बांधावरच्या वाटेनं न्याल तर बाभळीचा काटा धरून प्रत्येकी दोन ट्यूब.

वाखाउची फांदी इथं आणता येईल का, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. आदण चालू असेल त्या दिवशी गुऱ्हाळाच्या फाट्यावर वाढ्याचा झुबका बांधावा, अशी एक सूचना आली. उसाच्या मुलखात वाढं कुणाच्या नजरेत भरणार, हा आक्षेप रास्तच आहे. तोवर आदल्या रात्रीचा फोन पुरे. फक्त एक ठरवून टाकू: थांबण्याचा दर माणशी आधी बोलायचा आणि तो गुळव्यासकट सगळ्यांत वाटला जाईल हे बघायचं. रसाच्या पेल्याचे पैसे म्हणजे त्याच्या वेळेचे पैसे नव्हेत.

येत्या जानेवारीच्या आखणीत मी त्याच गुऱ्हाळाला अडीच तास दिलेत. त्या दिवशीचे किलोमीटर निम्म्यावर आले, एका जुन्या पाहुण्यानं "एवढंच?" म्हणून फोनही केला. गुळव्याला कळवलं तेव्हा तो म्हणाला, "या. येताना भाकरी बांधून आणा तेवढी. नुसती काकवी किती चाटाल?"