'कलाल' : एका शब्दाचा कुळवृत्तांत

अर्थपरिवर्तन शिकवताना अर्थोत्कर्ष आणि अर्थापकर्ष यांची ठरावीक उदाहरणे आपण देत असतो. अशाच एका तासानंतर 'कलाल' आडनावाच्या विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, माझे आडनाव यांपैकी कशात बसते?" तेव्हा दिलेले उत्तर अपुरे होते, ही रुखरुख अजून आहे.

कलाल म्हणजे दारू गाळणारा आणि विकणारा. मूळ संस्कृत शब्द 'कल्यपाल'. 'कल्या' म्हणजे मद्य. 'पाल' मात्र तोच, जो गोपालात आणि भूपालात आहे. गोपालाचा गवळी ज्या वाटेने झाला, साधारण त्याच वाटेने कल्यपालाचा प्राकृतात कल्लवाल, कल्लाल आणि पुढे कलाल झाला. व्युत्पत्तीत हीनता कुठेच नाही.

मग ती आली कुठून? या व्यवसायाचा दुसरा संस्कृत शब्द 'शौंडिक'. 'शाकुंतला'च्या सहाव्या अंकात कोळी आणि शिपाई यांचे मैत्र जुळते ते शौंडिकाच्याच दुकानी. अमरकोशात हा शौंडिक शूद्रवर्गात आहे. त्याच कोशात 'शौंड' म्हणजे मत्त, आणि 'दानशौंड' म्हणजे मोठा दाता! पिण्यात रमणाऱ्याचा शब्द दानात रमणाऱ्याचे भूषण झाला. पाजणाऱ्याचा शब्द मात्र वर्गात आणि पुढे जातीत अडकला. एकाच दुकानातून निघालेल्या दोन शब्दांची ही दोन नशिबे केवळ भाषेने घडवलेली नाहीत.

बाराव्या शतकातील कल्हणाने हे अधिक उघड केले आहे. काश्मीरच्या उत्पल घराण्याचे मूळ तो एका कल्यपालाच्या घरात सांगतो. या घराण्याचा राजा शंकरवर्मा (883-902) संस्कृत न बोलता अपभ्रंश बोले. कल्हणाच्या मते ती मद्यप्यांना शोभणारी भाषा होती, आणि राजाच्या कल्यपालकुळाची खूणही. गंमत अशी, की याच शंकरवर्म्याचा पिता अवंतिवर्मा याच्या आश्रयाला आनंदवर्धन असल्याचे 'राजतरंगिणी'च सांगते. ज्या 'ध्वन्यालोका'वर आपले काव्यशास्त्राचे अध्यापन उभे आहे, त्याच्या कर्त्याला मान मिळाला तो या 'कलालां'च्या दरबारात.

मराठीच्या अध्यापकाला कल्हणाचा हा टोमणा परका वाटता कामा नये. त्याने एका दमात दोघांना हिणवले : मद्य विकणाऱ्याच्या कुळाला आणि लोकांच्या बोलीला. कल्यपालाचा कलाल करणारी, आणि आपल्याला 'मराठी' देणारी, ती हीच परंपरा, प्राकृत-अपभ्रंशांची. बोलीवरचा डाग पुसण्यासाठी आपण ज्ञानदेवांपासून दाखले देतो. व्यवसायावरचा डाग मात्र 'अर्थापकर्ष' या पारिभाषिक नावाखाली झाकून पुढे जातो.

त्या विद्यार्थ्याला आज मी सांगेन : अर्थ शब्दाचा खालावला नाही. समाजाने माणसांना खाली बसवले, आणि कोशांनी त्याची नोंद केली.