गळा कृष्णवर्णीयांचा, गल्ला कंपन्यांचा

टीव्हीवरची जाहिरात अर्ध्या मिनिटाची. तेवढ्या वेळात मोटार, साबण किंवा बँकेचे कार्ड लोकांच्या गळी उतरवायचे तर नुसते शब्द पुरत नाहीत, ठेका लागतो. म्हणून १९९०च्या दशकात अमेरिका-युरोपातल्या जाहिरातवाल्यांनी नाचाच्या संगीताला हाताशी धरले. हाऊस, टेक्नो, ड्रम अँड बेस ही त्याची नावे. ठेका वाजतो, पाय थिरकतात, माल खपतो. पण त्या ठेक्यामागचा गळा कुणाचा, हात कुणाचे आणि पैसा कुणाच्या तिजोरीत गेला? हा प्रश्न संगीताचा कमी आणि न्यायाचा अधिक आहे.

हे संगीत आले कुठून ते आधी पाहू. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर हजारोंच्या गर्दीसमोर डिस्कोच्या रेकॉर्डने भरलेली पेटी स्फोट करून उडवण्यात आली. डिस्को हे प्रामुख्याने कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी समाजाच्या क्लबांतून वाढलेले संगीत होते. त्याच शिकागोत वेअरहाऊस नावाच्या क्लबात फ्रँकी नकल्स या कृष्णवर्णीय डीजेने हाऊस संगीताचा पाया घातला. डेट्रॉईटमध्ये वॉन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉंडरसन या तीन कृष्णवर्णीय तरुणांनी टेक्नो घडवले. मैदानात ज्याची होळी केली, त्याचेच वारस दहा-पंधरा वर्षांत बाजाराने दुकानाच्या दारात नाचायला उभे केले.

मोबी या गोऱ्या संगीतकाराचा 'प्ले' हा अल्बम १९९९ साली आला. त्यातली अठराच्या अठरा गाणी जाहिरात, चित्रपट किंवा टीव्ही कार्यक्रमांसाठी परवान्याने विकली गेली. त्यातल्या 'नॅचरल ब्लूज'मधला गळा व्हेरा हॉल या अलाबामातल्या बाईचा आहे. लोकांचे कपडे धुऊन, स्वयंपाकघरात राबून ती पोट भरत होती. लोकगीतांचे संग्राहक जॉन लोमॅक्स यांनी १९३७ साली तिचा आवाज टिपला, पुढे त्यांचा मुलगा अ‍ॅलन यानेही टिपला. १९६४ साली ती वारली. पस्तीस वर्षांनी तिचे दुःख नाचाच्या ठेक्यावर चढले. त्याच अल्बममधल्या 'फाइंड माय बेबी'त १९५९ साली टिपलेला बॉय ब्लू या गायकाचा आवाज आहे. हे गाणे अमेरिकन एक्स्प्रेसच्या जाहिरातीत वाजले. मोबीने चोरी केली असे आम्ही म्हणत नाही. रेकॉर्डच्या हक्कदारांकडून परवाने घेऊनच हा व्यवहार झाला. पण आपल्या आवाजाने काय विकावे आणि काय विकू नये, हे सांगायला व्हेरा हॉल कुठे होती?

आता ग्रेगरी कोलमन याची कथा पाहा. १९६९ साली द विन्स्टन्स या वाद्यवृंदाच्या 'आमेन, ब्रदर' या गाण्यात त्याने सुमारे सहा सेकंद एकट्याने ड्रम वाजवले. या सहा सेकंदांवर पुढे जंगल आणि ड्रम अँड बेस हे अख्खे संगीतप्रकार उभे राहिले. हजारो गाण्यांत आणि जाहिरातींतही तो तुकडा वाजला. कोलमनला त्याची रॉयल्टी मिळाली नाही. २००६ साली तो अटलांटात बेघर अवस्थेत मेला. वाद्यवृंदाचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याच्याकडे गाण्याचा हक्क होता, पण हा वापर त्याला कळला १९९६ साली. तोवर मुदतीच्या कायद्याने त्याचे दार बंद केले होते. २०१५ साली चाहत्यांनी वर्गणी काढून त्याला २४ हजार पौंड दिले. हक्काच्या जागी वर्गणी आली!

मार्था वॉश जिवंत होती, म्हणून लढली. सी अँड सी म्युझिक फॅक्टरीच्या १९९० सालच्या 'गॉना मेक यू स्वेट' या गाण्यातला दणदणीत आवाज तिचा. पण व्हिडिओत तिच्या आवाजावर ओठ हलवणारी दुसरीच सडपातळ तरुणी. मार्थाचा देह विक्रीयोग्य नाही, गळा तेवढा विक्रीयोग्य! तिने दावा ठोकला. १९९४ साली तडजोड झाली आणि व्हिडिओवर तिचे नाव देणे कंपनीला भाग पडले.

मग कायदा काय करत होता? जाहिरातीत गाणे वापरायला दोन परवाने लागतात. एक गीत-संगीताच्या मालकाचा, दुसरा ध्वनिमुद्रणाच्या मालकाचा. ठरावीक रक्कम घेऊन गाऊन गेलेली बाई किंवा ड्रम वाजवून गेलेला माणूस या दोन्ही कागदांवर नसतो. आवाजाला कायद्याने संरक्षण दिलेच नाही असेही नाही. फोर्ड कंपनीने बेट मिडलर या नामांकित गायिकेच्या आवाजाची नक्कल मोटारीच्या जाहिरातीत वापरली, तेव्हा १९८८ साली अमेरिकेच्या अपील न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला. पुढे ज्युरीने तिला चार लाख डॉलर देवविले. मात्र न्यायालयाने अट घातली की आवाज सर्वदूर प्रसिद्ध असला पाहिजे. म्हणजे नाव असलेल्याच्या नकलेलाही चार लाख, आणि नाव नसलेल्याच्या अस्सल आवाजाला या न्यायात जागाच नाही. प्रसिद्धी मिळवण्याची संधी ज्या समाजाला नाकारली गेली, त्यालाच प्रसिद्धीचा दाखला मागणारा हा न्याय आहे.

कुणी म्हणेल, पैसे घेतले, सही केली, आता तक्रार कसली? करारस्वातंत्र्याचा हा युक्तिवाद आम्ही न्यायालयात रोज ऐकतो. पण करार दोन समान ताकदीच्या माणसांत होतो, तेव्हाच तो स्वतंत्र असतो. एकीकडे कंपनीचा वकील आणि दुसरीकडे घरभाड्याची चिंता असेल, तर सही कुणाच्या अटींवर होते हे सांगायला नको. राज्याने हात काढून घेतला की मोकळीक मिळते ती मालकाला, हे बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये स्पष्ट केले आहे.

अमेरिकेच्या कृष्णवर्णीयांचे हे दुखणे आपल्याला परके नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी त्यांचे नेते डू बॉईस यांच्याशी पत्रव्यवहार केला होता. १९७२ साली दलित पँथरने नावच त्यांच्या चळवळीवरून घेतले. आपले गायक, शाहीर, ढोलकीवालेही स्टुडिओत जातात, हाती पडेल ती रक्कम घेतात आणि न वाचता सही करून येतात. त्यांच्यासाठी आपला कायदा आज अमेरिकेतल्या त्या कथांपेक्षा बरा आहे. कॉपीराइट कायद्यात १९९४ साली सादरकर्त्याचा हक्क आला. २०१२च्या दुरुस्तीने सादरीकरणाच्या व्यापारी वापरात त्याला रॉयल्टीचा हक्क दिला, आणि सादरकर्ता म्हणून नाव लागण्याचा हक्कही दिला. हक्क सोपवायचा तर तो लेखी हवा. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरली जाते.

परंतु कायदा पुस्तकात आहे आणि कलावंत स्टुडिओत. या दोघांची गाठ घालून देणे हे चळवळीतल्या वकिलांचे, कार्यकर्त्यांचे काम आहे. कलावंतांनी सहीपूर्वी कागद वाचून घ्यावा, त्याची प्रत मागावी, जाहिरातीतील वापराचा मोबदला वेगळा लिहून घ्यावा, आणि हे एकट्याने न करता संघटनेने करावे. व्हेरा हॉलला विचारणारे कुणी नव्हते. आपल्या माणसाला विचारल्याशिवाय त्याचा गळा विकला जाणार नाही, एवढी तजवीज आपण आज करू शकतो. ती केली नाही, तर उद्या आपल्याही हाती वर्गणीची पावतीच येईल.