घरचा मिस्त्री : ब्रेकवरचा पहिला पाय

पुण्याहून उमापूरला सासुरवाडीस येताना करंजीच्या घाटात ब्रेक दाबला, की पुढच्या चाकातून बारीक शिट्टी वाजू लागली. ही शिट्टी मोठी गुणी. पुष्कळ पॅडना पोलादाची एक जीभ मुद्दामच लावलेली असते. पॅड झिजला की ती तबकडीला घासून ओरडते. परतीला तोच घाट आणि गाडीत पोरेबाळे, तेव्हा पॅड गेवराईहून आणून अंगणातच बदलायचे ठरले. (तबकडीच्या ब्रेकचे पेटंट लँचेस्टरसाहेबाने १९०२ सालीच घेतले, आपल्या जुन्या फियाटीला मात्र चारी चाकांत ड्रमच असत.)

वाचकहो, काम अवघड नाही. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत. इथल्या काळ्या मातीत जॅक रुततो, म्हणून सासऱ्यांनी जुन्या दाराची फळी दिली. मागच्या चाकांना दगड लावले, काढलेले चाक गाडीच्या पोटाखाली सरकवले. कॅलिपरचा खालचा बोल्ट काढला की ते झाकणासारखे वर उचलते. रबरी नळीवर त्याचा भार मात्र पडू देऊ नये, तारेने बांधावे. नव्या पॅडचा थर साधारण १० मिलिमीटर असतो, आमचा ३ सुद्धा भरेना! धूळ फुंकरीने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या पॅडांत ॲस्बेस्टॉस असे. जाड पॅड मावावा म्हणून पिस्टन हळूहळू आत दाबावा, आणि पॅड दोन्ही चाकांचे बदलावेत.

खरी गोम यापुढे आहे. पिस्टन मागे गेलेला असतो. पहिला पाय दाबला की पेडल थेट तळाला जाते, ब्रेक लागतच नाही! आमचे मेहुणे उत्साही. चाके बसताच ते आत शिरले, "दाजी, फाटकापर्यंत नेऊन बघतो!" समोर चार हातांवर मुलांचा मातीचा किल्ला, आणि धाकटी मावळे मांडीत बसलेली.

"किल्ली इकडे द्या," मी म्हटले, "आणि आधी नुसता पाय मारा."

पहिला पाय तळाला गेला. मेहुण्यांनी किल्ल्याकडे पाहिले नि चेहरा पांढरा केला. सहाव्या-सातव्या पायाला पेडल दगडासारखे घट्ट झाले.

तबकडीवर खोल चरे असले किंवा तेल पाझरत असले, तर मात्र मिस्त्रीच गाठावा. आमची तबकडी गुळगुळीत निघाली. उद्या पहाटे मोकळ्या रस्त्यावर वीसपंचवीस वेळा हलके ब्रेक मारून पॅड बसवायचे. आणि परतताना, घाटाच्या अलीकडे तिसगावला चहाला थांबू, तेव्हा चाकांचे नट पुन्हा एकदा आवळायचे आहेत.