टक्के नंतर विचारा, आधी वही बघा

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागातल्या आई-बापांनो, तुमचं लेकरू आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक ट्रेडला असेल तर निकालाची वाट बघत बसू नका. वर्षाच्या मधल्या काळात एकदा संस्थेत जा आणि त्याची प्रॅक्टिकलची वही बघायला मागा.

हा कोर्स दोन वर्षांचा. प्रात्यक्षिकात आणि निदेशक वर्षभर करतात त्या मूल्यमापनात पास व्हायला 60 टक्के लागतात, बाकीच्या विषयांत 33. लेखी परीक्षा संगणकावर होते आणि प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात. डोळे मिटून खुणा केल्या तरी नशिबानं 25 टक्क्यांच्या आसपास पडतात. तेव्हा पोर काय शिकलं हे कळायचं ते त्या 60 टक्क्यांवरून, आणि ते मार्क कशाच्या जोरावर दिले याचा पुरावा संस्थेनं ठेवायचा असतो: केलेले जॉब, रोजची वही, तोंडी परीक्षा, हजेरी. नियमाप्रमाणे हा पुरावा पुढच्या परीक्षेपर्यंत जपून ठेवावा लागतो. तो बघायला मागण्यात लाजण्यासारखं काही नाही.

वही कशी बघायची? तुम्हाला इलेक्ट्रॉनिक्स येत नसलं तरी चालेल. एका बैठकीत उतरवलेली वही लगेच ओळखू येते. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच शाई आणि सगळी रीडिंग गोल आकड्यांत. खरा मीटर असं क्वचितच दाखवतो. एक किलोओहमचा, सोनेरी पट्टीचा रेझिस्टर मोजला तर 950 ते 1050 च्या मधलं काहीही येऊ शकतं. वहीत 983 दिसलं तर पोरानं मीटर हातात धरला असावा.

मग त्याला एक प्रश्न विचारा. 12 व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरला ब्रिज रेक्टिफायर आणि कपॅसिटर जोडला, पुढं लोड काही नाही, तर मीटरवर 12 का दिसत नाहीत? शिकलेला मुलगा सांगेल की 12 हा एसीचा आकडा. त्याचं शिखर 17 च्या जवळ जातं, दोन डायोड मिळून दीड-एक व्होल्ट खातात, म्हणून साडेपंधराच्या आसपास दिसतात. शब्द मागेपुढे झाले तरी हरकत नाही. पण ‘सरांनी तसंच लिहायला सांगितलं’ असं उत्तर आलं तर सरांशी बोला. भांडू नका. बॅचमध्ये चालू मीटर किती आहेत आणि पोराच्या वाट्याला किती वेळ येतो, एवढंच शांतपणे विचारा.

निदेशकांनाही एक विनंती. आपल्याकडं बरीच पोरं मराठी शाळेतून येतात. तोंडी परीक्षेत गप्प बसलेल्या प्रत्येकाला काही येत नाही असं धरू नका. आधी मराठीत विचारा, नाहीतर त्याच्या हातात बंद पडलेलं सर्किट द्या आणि तो पहिलं टोक कुठं लावतो ते बघा. पोरांनी कन्नड शिकायलाच हवं, त्यात दुमत नाही. फक्त कन्नडची परीक्षा आणि डायोडची परीक्षा एकाच मार्कात मिसळू नका.

आणि बिदर-कलबुरगीतल्या दुरुस्तीवाल्यांनो, पोरगा कामावर ठेवण्याआधी त्याचं सर्टिफिकेट बघाच, पण बंद पडलेला एक पॉवर सप्लायही त्याच्यापुढं ठेवा. बोर्ड उघडल्यावर तो आधी काय करतो तिकडं लक्ष द्या. प्लग काढला तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टपर्यंत साठा राहिलेला असू शकतो. आधी मीटर लावून तो तपासणारा आणि रेझिस्टर लावून उतरवणारा पोरगा बिनधास्त घ्या. सरळ बोट घालणाऱ्याला घरी पाठवण्याआधी साठा तपासून कसा उतरवायचा ते तुम्हीच एकदा करून दाखवा.