आकाशांतील अदृश्य भोंवरे

पौषी पौर्णिमेस आमच्या म्हसा गांवीं यात्रा भरते. यात्रेच्या वाटेवर पुढल्या बैलगाडीस चिकटून गाडी हांकूं नये, तिची धूळ डोळ्यांत जाते, असें वडील माणसें सांगत. विमानांसही हाच नियम आहे. भेद इतकाच कीं, तेथील धूळ दिसत नाहीं.

विमानाच्या पंखाखालीं हवेचा दाब अधिक, वर कमी. त्यामुळें पंखांच्या टोकांशीं खालची हवा वर वळते व मागें परस्परविरुद्ध फिरणारे दोन भोंवरे सुटतात. विमान जितकें जड व संथ, तितके ते प्रबळ. शांत हवेंत ते कांहीं मिनिटें टिकतात. मागील लहान विमान त्यांत सांपडल्यास कुशीवर उलटूं शकतें. म्हणून उतरतांना जड विमानामागें मध्यम वजनाच्या विमानानें ५ सागरी मैल, म्हणजे सुमारें ९ किलोमीटर, अंतर राखावें असा सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय दंडक आहे.

१२ नोव्हेंबर २००१ रोजीं न्यूयॉर्क येथें एका जंबो विमानामागून उडालेलें एअरबस विमान अशा भोंवऱ्यांत शिरलें. सहवैमानिकानें सुकाणू गरजेपेक्षां फार जोरानें डावें-उजवें फिरविलें. शेपटीचा उभा पंख तुटला व २६५ माणसें दगावलीं. भोंवरा निमित्तमात्र, घात केला तो अतिरेकी प्रतिकारानें, असें चौकशींत ठरलें.

गेल्या महिन्यांत आमची सून मुंबईस उतरावयाची होती. विमान घटकाभर घिरट्या घालीत राहिलें, तेव्हां मीही वैतागून चार शब्द बोललों. अशा खोळंब्यांत ह्या अंतराचाही वांटा असतो, हें तेव्हां ध्यानीं आलें नाहीं. पुढें घरांत कोणी असेंच चडफडूं लागल्यास वाचकांनीं त्यांस ही हकीकत अवश्य सांगावी.