पाळणाघर बंद असते त्या दिवशी

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी पहाटे साडेपाचच्या सुमारास आमच्या साताऱ्याच्या घरी दूरध्वनी वाजला आणि डोंबिवलीहून कन्येने, आवाजातील घालमेल शक्य तितकी आवरून, आपल्या आईला एवढेच विचारले, "मावशींना ताप आलाय, पाळणाघर आठवडाभर बंद आहे, तुला यायला जमेल का गं?" या प्रश्नात 'नाही' म्हणण्याची मुभा होती खरी, परंतु ती मुभा वापरता येईल असे विचारणारीला वाटत नव्हते आणि ऐकणारीलाही वाटत नव्हते. माझ्या पत्नीच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख त्याच आठवड्यातील होती. ती तिने पुढे ढकलली, मुलीला त्याचा थांगही लागू दिला नाही, आणि दोन लुगडी पिशवीत घालून सकाळच्या एस.टी.ने ती निघाली. मी घरीच होतो, सेवानिवृत्त होतो, प्रकृतीने धडधाकट होतो. तरी मला कोणी विचारले नाही आणि 'मी जातो' असे मीही म्हणालो नाही, ही गोष्ट मला अद्याप सलते.

नातवंडांचा सहवास हे वार्धक्यातील मोठे सुख आहे, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु ज्या सेवेला नकार देण्याची सोयच उरलेली नाही, तिला केवळ वात्सल्य म्हणून आपण मोकळे होतो, तेव्हा त्या वात्सल्याच्या आड कोणाकोणाची जबाबदारी दडून राहते, हे एकदा नीट पाहिले पाहिजे. मुलीचा वा जावयाचा यात दोष नाही. सकाळची लोकल चुकली तर ज्यांच्या पगारातून अर्ध्या दिवसाची कपात होते, त्यांनी दुसरे दार कोणते ठोठवावे?

ते दार कायद्याने मुळीच उघडले नाही असे नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमात पाळणाघराची तरतूद होती. मात्र ती कामगार स्त्रियांच्या संख्येवर बेतलेली, प्रथम पन्नासांहून अधिक आणि १९७६ च्या दुरुस्तीनंतर तिसांहून अधिक स्त्रिया असतील तेथे लागू होणारी. २०१७ साली प्रसूती लाभ अधिनियमात दुरुस्ती झाली, तेव्हा पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची सक्ती आली, आणि या गणतीत पुरुषही धरले गेले. मूल बापाचेही असते, हे त्या गणतीने मान्य केले. पण दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाऊन मुलाला पाहण्याची परवानगी त्याच कलमाने दिली ती केवळ आईला. शिवाय पन्नासांच्या खालची सारी दुकाने, दवाखाने, वकिलांच्या कचेऱ्या आणि खाजगी शिकवण्या या तरतुदीच्या कक्षेबाहेरच राहिल्या. माझी कन्या अशाच एका बारा माणसांच्या कचेरीत नोकरी करते. तेथे पाळणाघर नाही, आणि पाळणाघराच्या मावशी आजारी पडल्या म्हणून मिळणारी रजाही नाही. तेथली रजा कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या आजारासाठी असते.

म्हणून माझी मागणी दुहेरी आहे. लहान आस्थापनांना स्वतंत्र पाळणाघर परवडत नसेल, तर एका औद्योगिक वसाहतीतील वा एका बाजारपेठेतील दहा-वीस आस्थापनांनी वर्गणी काढून ते सामाईक चालवावे, नगरपालिकेने त्यास जागा द्यावी, आणि एक मावशी आजारी पडली तर तिच्या जागी येणारी दुसरी तेथे आधीपासून नेमलेली असावी. आणि सांभाळाची व्यवस्था अचानक कोसळली म्हणून आई वा बाप यांपैकी कोणालाही घेता येईल अशी, थोड्या दिवसांची का होईना, सपगारी रजा कायद्याने मान्य करावी. एवढी तजवीज असली, तर सातारा, सांगली वा रत्नागिरीहून निघणारी आजी आपल्या इच्छेने निघेल, आणि तिच्या डोळ्यांची तारीख तिला कोणापासून लपवावी लागणार नाही.

ती लपवलेली तारीख कन्येला महिनाभराने कळली, तेव्हा ती फार रडली. आता तिचा दूरध्वनी आला की ती प्रथम विचारते, "आई, या आठवड्यात तुझं काही ठरलंय का?" मागच्या खेपेस पत्नीने सांगितले, की तिच्या भजनी मंडळाचा सप्ताह आहे, त्या वेळी जावयांनी दोन दिवस आणि कन्येने एक दिवस बिनपगारी रजा काढली, आणि उरलेल्या तीन दिवसांसाठी मी डोंबिवलीला गेलो.